दाभोळ गेला काय गो?

श्रोते हो, नमस्कार.

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी.

ही नावं मला अक्षरओळख होण्याआधी पाठ होती. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. दिवसपाळी असली की रात्री जेवणं आटपल्यावर ते मला मांडीवर घेत आणि मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटीची ही बंदरं म्हणायला लावत. मी जयगडच्या आधी रत्नागिरी म्हटलं की लगेच थांबवत, "बोट मागे घे. जयगड राहिलं." मग पुन्हा हर्णैपासून सुरुवात. आमचं गाव जैतापूरच्या खाडीवर, म्हणजे आम्ही उतरायचो मुसाकाजीला. पण बाबा पणजीपर्यंत सगळी नावं घ्यायला लावत. आपण उतरलो तरी बोट पुढे जाते, हे लक्षात असावं, असं त्यांचं म्हणणं.

प्रवासाच्या आवडीवर बोलायचं ठरलं, तेव्हा मी आजवर कुठे कुठे गेले ते मनाशी मोजून पाहिलं. काशी झाली, कन्याकुमारी झाली, गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेचं पात्र पाहिलं. नोकरी सरकारी होती, एलटीसी, म्हणजे रजेतल्या प्रवासाची सवलत, मिळायची, आणि ती मी कधी वाया घालवली नाही. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास एकच आहे, आणि तो मी साठ वर्षांहून अधिक काळ करते आहे. मुंबई ते आमचं गाव. आज त्याच वाटेबद्दल बोलणार आहे.

मी सहा वर्षांची असेन, म्हणजे १९६० चा सुमार. भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून गर्दी. आमची तिकिटं डेकची. आत सोडायला लागले की माणसं धावत सुटायची, कारण वर जाऊन पथारी पसरली तीच तुमची जागा. वळकटी खांद्यावर टाकून बाबा पुढे, आणि मला नि धाकट्या भावाला ओढत आई मागे. 'रोहिणी', 'चंपावती', 'चंद्रावती' ही बोटींची नावं आमच्या घरात आत्या-मावश्यांसारखी घेतली जायची. "यंदा चंपावतीनं जाऊ या, रोहिणी फार हलते," असं आई म्हणायची, जणू एकीचा स्वभाव बरा आणि दुसरीचा जरा तापट.

आईला बोट लागायची. 'बोट लागणं' हे आता कुणाच्या तोंडी नाही, आता सगळ्यांना गाडी लागते. आलेपाकाची वडी दाढेखाली धरून, डोळे मिटून ती पथारीवर पडून राहायची आणि तिचे ओठ हलत असायचे. मला वाटायचं, मळमळतंय म्हणून देवाचं नाव घेते. मोठेपणी तिनं सांगितलं, ती 'रामदास' बोटीवरच्या माणसांसाठी हात जोडत असे. १७ जुलै १९४७ ला ऐन पावसात भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. त्याच धक्क्यावरून बोटीत चढताना गिरणगावातल्या कुठल्या बाईला ती आठवली नसेल?

मी मात्र कठड्याला धरून उभी. समुद्रावरून कोकण कसं दिसतं, ते आता फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. डावीकडे डोंगराची एक लांब निळी रेघ. मधेच ती रेघ तुटते, तिथं खाडीचं तोंड. आणि तोंडावर राखणीला बसल्यासारखा किल्ला. हर्णैला सुवर्णदुर्ग, दाभोळच्या समोर अंजनवेलचा गोपाळगड, जयगडला जयगड. किल्ला दिसला की बाबा नाव विचारायचे. माझ्या लेखी प्रत्येक गाव म्हणजे खाडीचं एक तोंड. त्या तोंडातून आत गेलं की पुढे काय आहे, ते पाणी कुठल्या डोंगरावरून येतं, हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही ते जाणून घ्यायची कधी गरज पडली नव्हती. त्यांच्या कोकणाला एकच बाजू होती, समुद्राची.

मुसाकाजीला बोट किनाऱ्याला लागत नसे. आत समुद्रातच उभी राहून भोंगा द्यायची, आणि मग किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसं उतरवून नेणाऱ्या होड्या, येताना दिसायचे. पडाव बोटीला येऊन भिडला तरी लाटेवर तो वरखाली होत असतो. एका क्षणी तो पायाशी असतो, दुसऱ्या क्षणी माणूसभर खाली. खलाशी मला काखेत धरून उभा राहायचा, पाण्याकडे बघत बघत, आणि पडाव वर आला रे आला की "घे!" म्हणून खालच्याच्या हातात द्यायचा. त्या दोन हातांच्या मधला तो क्षण. खाली हिरवं काळं पाणी, ओल्या दोराचा आणि तेलाचा वास. मला भीती वाटल्याचं आठवत नाही. पुढे कितीही लांब गेले तरी, निघताना पोटात जो एक खड्डा पडतो तो मला तिथलाच वाटतो.

मेअखेरीला बोटी बंद व्हायच्या, त्या पावसाळा सरेपर्यंत. पुढे हळूहळू त्या कायमच्याच बंद झाल्या. मी तोवर नोकरीला लागले होते, आणि आमची वाट समुद्रावरून उठून रस्त्यावर आली होती.

पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, भरणे नाका, चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा, पाली, लांजा, राजापूर.

ही माझी स्वतःची यादी. ती मला कुणी मांडीवर घेऊन शिकवली नाही, एसटीच्या रातराणी गाडीत खिडकीशी बसून मी ती गोळा केली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत तिनं आमच्यासारख्यांचं जग किती बदललं, हे आकड्यांत सांगता येणार नाही. बोटीला हंगाम होता, एसटीला नव्हता. श्रावणात जाता येऊ लागलं, गौरीगणपतीला भर पावसात घरी पोचता येऊ लागलं. त्याआधी बोटी बंद झाल्या की कोल्हापूरला वळसा घालून घाट उतरायचा, नाहीतर मुंबईतच बसून पत्र लिहायचं. बायका एकट्या प्रवास करू लागल्या त्याही एसटीमुळेच. कंडक्टरच्या मागच्या सीटवर जागा मिळाली की आई निर्धास्त असायची.

त्या गाडीचे आवाज मला अजून ऐकू येतात. तिकिटाला भोक पाडण्याआधी कंडक्टर रिकामाच चिमटा दोनदा वाजवायचा, टिक टिक. मग दोरी ओढून डबल बेल. कशेडीच्या चढाला पहिला गियर पडला की इंजिनाचा सूर खाली उतरायचा आणि झोपलेली अर्धी गाडी जागी व्हायची. कुणीतरी लिंबू हुंगायला काढायचं, कुणी घाटातल्या देवाला बसल्या जागेवरून हात जोडायचं.

पेण आलं की मी एका माणसाची आठवण काढते. पेणजवळ वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघाले आणि नेमके त्या वर्षाच्या वणव्यात सापडले. झाशी पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. लुटले गेले, उपाशी राहिले. घरी परतताना मात्र गंगेची कावड खांद्यावरून आणली आणि त्या पाण्यानं आईवडिलांना न्हाऊ घातलं. एवढं सगळं पाहिलेल्या माणसाला शेवटी वरसईलाच यायचं होतं. काशीला गंगेत उतरले तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते हेच.

आमच्याकडे राजापूरलाही गंगा आहे, हे श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. उन्हाळे गावाच्या डोंगरावर साधारण दर तीन वर्षांनी ती प्रकटते, चौदा कुंडं भरून वाहतात आणि काही दिवसांनी पुन्हा कोरडी पडतात. आजीचं पोस्टकार्ड यायचं. त्यात चारच शब्द असायचे, 'गंगा आली आहे. या.' तारीख ठरलेली नाही, किती दिवस राहील ते माहीत नाही, त्यामुळे कार्ड हातात पडलं की त्याच रात्रीची गाडी. असा प्रवास मला फार आवडतो. पाणी आलंय म्हणून निघायचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा काही महिने चाळीत थांबले, मग गावी गेले ते कायमचे. तेव्हापासून माझी वाट उलटी झाली. आधी मुंबईहून गावी काही ना काही न्यायचं असे, आता गावाहून आणायचं. तांदळाची गोणी टपावर, कुळीथ आणि कोकमं मांडीवर. बाबा राजापूरच्या स्टँडवर सोडायला यायचे. गोणी चढवून झाली की गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. शेवटी विचारायचे, "पेणला किती वाजता?" ज्या माणसाला बंदरं पाठ होती, त्याला आता माझे थांबे जाणून घ्यायचे होते.

त्याच सुमाराला, एका जुलै महिन्यात, कशेडीत दरड आली आणि आमची गाडी पोलादपूरला रात्रभर थांबली. बाहेर पाऊस धो धो. पहिल्या तासाला माणसं कुरकुरली, दुसऱ्या तासाला एकमेकांची गावं विचारून झाली, तिसऱ्या तासाला सगळ्यांचे डबे उघडले. माझ्या शेजारच्या बाईनं नाचणीच्या भाकरीवर वाळवलेल्या जवळ्याची चटणी वाढली. तिचं नाव मी विचारलं नाही. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या लावणीची, म्हणजे भातलावणीची गाणी हळू आवाजात म्हणत होत्या, एक सुरू करायची, दुसरी पुरी करायची. पहाटे गावातली मुलं किटलीत काळा चहा घेऊन आली. गूळ घातलेला. मी पुढे दार्जिलिंगला गेले, तिथला चहा प्यायले, चांगलाच होता. पण चहा म्हटलं की माझ्या जिभेवर येतो तो पोलादपूरचा.

लांबच्या प्रवासांचं माझं हे असंच होतं. कन्याकुमारीला विवेकानंद स्मारकाकडे जाणाऱ्या लाँचमध्ये पाय ठेवला आणि डिझेल नि खाऱ्या पाण्याचा वास आला. मी यजमानांना म्हटलं, "मुसाकाजी." त्यांना काही कळलं नाही, ते मूळचे घाटावरचे. ब्रह्मपुत्रा एवढी अफाट, तरी मी तिच्या काठावर उभी राहून आमच्या खाडीच्या मानानं ती किती पट असेल, तेच मोजत होते. प्रत्येकाच्या मनात अशी एक पहिली नदी, पहिला घाट असतो, आणि पुढचं सगळं जग तो त्याच मापानं मोजतो. मला यात काही कमीपणा वाटत नाही. ज्याच्याकडे मापच नाही, त्यानं हिमालय पाहिला काय आणि टेकडी पाहिली काय.

आता रेल्वेकडे येते, कारण मला सांगायचं आहे ते तिथंच आहे.

कोकणात रेल्वे यावी म्हणून बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत बोलत राहिले. मग आमच्या राजापूर मतदारसंघाचे मधु दंडवते. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंच फोम आणला. बाबा सांगायचे, "आमच्या खासदारानं देशाला गादी दिली, आता आम्हाला रूळ देईल." रूळ यायला वेळ लागला. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली १९९० मध्ये काम सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर हा मार्ग पूर्ण खुला झाला. ९० हून अधिक बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. त्या डोंगरातून, त्या पावसात.

त्याच वर्षी बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आले होते, आणि मी त्यांना रेल्वेनं गावी परत घेऊन निघाले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. डोळ्याला हिरवा चष्मा, त्यातून बाहेरचं फारसं दिसत नव्हतं. दिवसाची गाडी. त्यांना खिडकीशी बसवलं. रोहा मागे पडलं, माणगाव गेलं. ते गप्प. मला वाटलं, झोपले. वीर स्टेशनच्या सुमाराला गाडी पुलावर चढली. पुलावर रुळांचा आवाज बदलतो, तुम्ही ऐकला असेल, जमिनीवर तो भरीव असतो, पुलावर खाली पोकळी असल्यासारखा घुमतो. बाबांनी मान वर केली.

"पाणी इला?"

म्हटलं, "हो बाबा, सावित्री."

"खंय जाता ही?"

मी एसटीनं महाडला सावित्रीचा पूल शेकडो वेळा ओलांडला होता. ती पुढे कुठे जाते, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, म्हाप्रळकडचे. ते म्हणाले, "बाणकोटला."

"बाणकोट!" बाबा म्हणाले, आणि सरळ होऊन बसले. बाणकोट त्यांना ठाऊक होतं. हर्णैच्या आधी डावीकडे रेघ तुटते ना, ते.

मग त्यांना झोप नाही. खेड गेलं, चिपळूण सोडल्यावर पुन्हा आवाज बदलला आणि त्यांनी माझा हात धरला.

"दाभोळ गेला काय गो?"

आम्ही समुद्रापासून किती आत होतो. खाली वाशिष्ठी. पण ते बरोबर होते. वाशिष्ठी दाभोळलाच समुद्राला मिळते. चिपळूणचा पूल आणि अंजनवेलचा किल्ला हे एकाच पाण्याचे दोन थांबे आहेत. मला रस्ता माहीत होता, त्यांना खाडीचं तोंड माहीत होतं, आणि दोघांच्या मधे वाहणारी नदी आम्ही दोघांनीही कधी पाहिली नव्हती. पुढे संगमेश्वरच्या शास्त्रीवर त्यांनी विचारलं नाहीच, स्वतःच म्हणाले, "हा जयगड." ते शास्त्रीचंच मुख.

उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागला, साडेसहा किलोमीटरचा. अंधार आणि आवाज संपता संपेना. बाबांनी बंडीच्या खिशातून आलेपाकाची वडी काढून माझ्या हातावर ठेवली. आईला जाऊन तोवर आठ वर्षं झाली होती. आम्ही दोघांनी ती खाल्ली. रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल, ६४ मीटर उंच. तिथं आवाज इतका बदलतो की डब्यातले सगळे खिडक्यांकडे धावले. बाबा नुसते ऐकत होते. राजापूर रोडला उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. स्टेशन गावापासून लांब, पुढे एसटीनं खाडीपर्यंत जायचं. एसटीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता पुढची पण सांग. मुसाकाजीच्या पुढली. गाडी जाता ना पुढे?" विजयदुर्गला वाघोटन नदी मिळते, तेवढं मला सांगता आलं. देवगडच्या पुढचं मी घरी जाऊन नकाशात शोधलं आणि पत्रानं कळवलं.

पुढच्या चार वर्षांत आमची अशी बरीच पत्रं झाली. आंतर्देशीय पत्रावर नद्यांची नावं, बाकी काही नाही. ती माझ्याजवळ आहेत.

बाबा गेल्यानंतर मी एसटीनं जायची सवय पूर्ण सोडली नाही. वर्षातून एक फेरी रेल्वेनं, एक एसटीनं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहनं वाहून गेली. त्यानंतर शोध बाणकोटच्या खाडीपर्यंत चालला. बातम्यांत ते नाव ऐकलं आणि मी रेडिओ बंद केला. नदी कुठे जाते, हे मला माहीत होतं. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला. त्यावरून जाताना माझे हात आपोआप जोडले जातात, आणि ओठ हलतात तेही माझ्या लक्षात येतं.

आता कशेडीला बोगदा झाला आहे. तो पहिला गियर आणि तो खाली उतरणारा सूर नव्या मुलांना ऐकू येणार नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण दरडीत अडकलेल्या बाळंतिणी आणि आजारी माणसंही मी पाहिली आहेत, म्हणून बोगदा हवाच होता.

माझी नात दहा वर्षांची आहे. तिची यादी तिसरीच, स्टेशनांची. वीर, खेड, चिपळूण, संगमेश्वर रोड, रत्नागिरी, आडवली, विलवडे, राजापूर रोड. ती फटाफट म्हणते. मधलं एखादं राहिलं तर मी म्हणते, "गाडी मागे घे." येत्या सुट्टीत आम्ही दोघीच जाणार आहोत. तिकिटं काढून झाली. रात्रीची गाडी आहे, वीर येईल तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असेल आणि तिला गाढ झोप लागलेली असेल. पुलावर आवाज बदलेल. मी तिला उठवणार आहे.

नमस्कार.